पैसे काय चिंचोके आहेत?



चिंच फोडायचं काम काल संपलं. अंगणात तीन ढीग पडलेत. एक गराचा, एक टरफलं आणि शिऱ्यांचा, आणि एक चिंचोक्यांचा. गर पोत्यात भरून झाला, टरफलं खताच्या खड्ड्यात गेली. चिंचोक्याचा ढीग मात्र मी तसाच ठेवलाय. या ढिगावरून परवा घरात वाद झाला, आणि त्या वादातून ही नोंद लिहितोय. जरा लांबली आहे, पण सवडीने वाचा.

गेल्या साली आमच्या बांधावरच्या पाच झाडांची चिंच मी न फोडता, अख्खीच विकली. अडतीवर भाव लावताना चिंचोक्याची आणि टरफलाची घट धरून रक्कम कापली. म्हणलं, "टरफलाचं ठीक आहे, पण चिंचोका तर तुमच्याकडेच राहतोय." तर म्हणाले, "चिंचोक्याला कोण विचारतंय?" मी गप्प बसलो. चारच दिवसांनी त्याच रस्त्याने येताना बघितलं, तर गोदामापुढे ट्रक उभा, आणि हमाल त्यात पोत्यामागून पोतं टाकत होते. एक पोतं उसवलेलं होतं. खाली सांडले होते ते चिंचोके!

ज्याला कोणी विचारत नाही तो माल ट्रक भरून कुठे चालला होता? वर्षभर हा प्रश्न डोक्यात होता. मिळेल ते वाचलं, कृषी विद्यापीठातल्या एका ओळखीच्या सरांना विचारलं. त्यातून जो इतिहास हाती लागला तो सांगतो.

आजीच्या काळातला चिंचोका

आधी हे मान्य करू की आपल्या आधीच्या पिढ्यांनी चिंचोका कधी फेकला नव्हता. पोरांच्या खेळात तो होता. चिंचोका मधोमध फोडायचा, आतली पांढरी बाजू वर पडली की दान. चुलीत भाजून, टरफल काढून तासभर चघळत बसणं हा गुराख्याचा नेहमीचा उद्योग. दुष्काळात चिंचोक्याचं पीठ पोटात गेल्याच्या गोष्टी आमच्या आजीकडून ऐकल्यात. टरफल नीट काढलं नाही तर पोट गच्च धरतं, हेही तीच सांगायची. ते बरोबरच होतं, कारण टरफलात टॅनिन भरपूर. त्याच टॅनिनसाठी चिंचोक्याचं टरफल कातडी कमवायला वापरलं गेलं आहे.

चिंचोक्याचा खरा मान मात्र मागावर होता. आमच्या भागात सणगर लोक घोंगडी विणायचे. लोकरीचं सूत हातकताईचं, पिसं उभी राहिलेलं. तसंच मागावर चढवलं तर घासून तुटतं. म्हणून चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्याची खळ करायची आणि ती ताण्याला लावायची. खळ वाळली की धागा ताठ होतो, गुळगुळीत होतो. नव्या घोंगडीला जो कडकपणा असतो तो या खळीचा. लाकूड जोडायच्या सरसात चिंचोक्याचं पीठ घालायचीही रीत होती.

म्हणजे या बीमध्ये पाण्यात फुगून चिकट, दाट होणारं काहीतरी आहे, हे आपल्या लोकांना चांगलं ठाऊक होतं. ते 'काहीतरी' काय, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

चिंच पॅरिसला पोचते

चिंचेचं मूळ आफ्रिकेतलं, पण आपल्याकडे ती इतकी जुनी की अरबांनी तिला 'तमर-ए-हिंद' म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हणलं. त्यावरूनच तिचं इंग्रजी आणि शास्त्रीय नाव आलं. युरोपात ती औषध म्हणून जायची.

तिथे फ्रान्समध्ये व्होकलँ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १७९० साली चिंचेच्या गराचं पृथक्करण प्रसिद्ध केलं. त्यात त्याला जेलीसारखा गोठणारा एक पदार्थ आढळला. पुढे १८२५ साली ब्राकोनो या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने फळांमधल्या अशा पदार्थाला नाव दिलं, आणि त्यावरून 'पेक्टिन' हा शब्द रूढ झाला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'गोठलेलं'. आज जॅमच्या बाटलीवर, औषधाच्या गोळीवर जे पेक्टिन लिहिलेलं असतं, त्याच्या इतिहासातलं पहिलं पान चिंचेचं आहे. हे वाचून मला भारीच वाटलं.

पण धंदा उभा राहिला सफरचंदावर. सफरचंदाचा रस काढला की चोथा राहतो. तो गुरांना घालायचे नाहीतर टाकून द्यायचे. १९०८ च्या सुमाराला जर्मनीत या चोथ्यापासून पेक्टिन काढायला सुरुवात झाली, मग अमेरिकेत. पुढे संत्र्या-लिंबाच्या सालींचाही नंबर लागला. आता तर जगातलं बहुतेक पेक्टिन या साली आणि चोथ्यातूनच येतं. हल्ली याला 'अपसायकलिंग' म्हणतात, म्हणजे टाकाऊतून मूळ मालापेक्षाही मोलाचं काढणं. असे काढलेले पदार्थ 'फंक्शनल' म्हणवतात, कारण ते पोट भरायला घालत नाहीत. दाटपणा आणणं, पाणी धरून ठेवणं, गोठवणं असं एखादं ठरावीक काम ते करतात. चार चमचे घातले की सगळ्या पातेल्याची चाल बदलते.

युद्ध, गिरण्या आणि डेहराडून

आता आपल्या चिंचोक्याकडे येऊ.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ. कापड गिरण्यांना ताण्याच्या सुताला खळ लावावीच लागते, त्याला आपण सायझिंग म्हणतो. मागावर सूत फणीतून दर मिनिटाला कितीतरी वेळा घासतं. खळ नसेल तर धागा तुटतो आणि माग उभा राहतो. ही खळ स्टार्चची, म्हणजे मक्यासारख्या धान्याच्या पिठाची. युद्धात स्टार्चची टंचाई झाली. धान्य तर माणसालाच पुरत नव्हतं. १९४३ हे बंगालच्या दुष्काळाचं साल आहे, हे लक्षात घ्या.

त्याच सुमाराला, १९४२ साली, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतले टी. पी. घोष आणि एस. कृष्ण या दोघांनी चिंचोक्यावरचं काम जाहीर केलं. टरफल काढलेल्या चिंचोक्यात ४६ ते ४८ टक्के जेलीसारखा गोठणारा पदार्थ आहे, असं त्यांनी दाखवलं. १९४३ पासून चिंचोक्याची पावडर भारतातल्या गिरण्यांमध्ये स्टार्चच्या जागी जाऊ लागली. आधी सुतासाठी, आणि मग तागासाठीही. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला धंद्यात 'टीकेपी' म्हणतात, आजही.

थोडं थांबून बघा. सणगराच्या अंगणात मडक्यात शिजणारी खळ आणि गिरणीच्या सायझिंग खात्यातली खळ, माल एकच. फरक इतकाच की गिरणीला तो टनाने लागत होता, एका जातीचा लागत होता, आणि आतलं प्रमाण मोजलेलं लागत होतं. ते मोजण्याचं काम त्या दोघांनी केलं.

गोष्ट कापडावर थांबली नाही. मुंबईत पेक्टिन मॅन्युफॅक्चरिंग कंपनी होती. तिथल्या डॉ. जी. आर. सावूर यांनी हा पदार्थ शुद्ध करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याला 'जेलोज' असं नाव मिळालं. जॅम, जेली, मार्मालेडसाठी तो फळांच्या पेक्टिनपेक्षा सरस ठरतो, असं तेव्हाच्या कामात नोंदवलेलं आहे. कारणही साधं आहे. फळांच्या नेहमीच्या पेक्टिनला गोठायला साखरही भरपूर लागते आणि आंबटपणाही नेमका लागतो, एक चुकलं की जॅम पातळ. चिंचोक्याच्या जेलीला साखर लागते, पण आंबटपणाचं बंधन नाही. गोड दुधातही ती चालते. आइस्क्रीम स्थिर ठेवायला, चीजला, औषधांना, अशा किती तरी ठिकाणी तिचा उपयोग सुचवला गेला होता.

म्हणजे चिंचोक्यापासून खाद्य घटक काढायची पद्धत आपल्या मुंबईतच तयार होती.

पेक्टिन नव्हेच

मधल्या काळात एक घोटाळा निस्तरला गेला. गोठतं म्हणून सगळे याला पेक्टिन म्हणत होते. पण पेक्टिनचा जो मुख्य घटक, गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल, तो यात नाहीच. १९५३ साली व्हाइट आणि राव यांनी आणि १९६१ साली हॉलंडच्या कोइमन यांनी याची रचना उलगडली. आता त्याला 'झायलोग्लुकॅन' म्हणतात. नाव अवघड आहे, अर्थ सोपा. ग्लुकोजची एक लांब साखळी, तिला झायलोज साखरेच्या फांद्या, आणि काही फांद्यांच्या टोकाला गॅलॅक्टोज.

यातली मजा अशी. ग्लुकोजची ही साखळी हुबेहूब सेल्युलोजसारखी आहे, आणि कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. झाडाच्या पेशीच्या भिंतीत झायलोग्लुकॅन सेल्युलोजच्या धाग्यांना चिकटूनच असतं. म्हणजे सुताशी त्याचा मूळचा घरोबा. गिरणीतल्या कापसाच्या धाग्यावर ही खळ इतकी छान का बसली, याचं एक कारण इथे सापडतं. फांद्या असल्यामुळे ते सेल्युलोजसारखं कोरडं राहत नाही, पाणी धरतं आणि फुगतं. चिंचोक्याने हे सगळं आपल्यासाठी साठवलेलं नाही बरं का. कोंब फुटल्यावर रोपाला खायला म्हणून ती शिदोरी आहे.

आइस्क्रीममध्ये गेलेला चिंचोका

यापुढची गोष्ट जपानची. १९६० च्या दशकात तिथल्या एका औषध कंपनीने चिंचोक्याचा हा डिंक शुद्ध करून खाद्यपदार्थांसाठी विकायला सुरुवात केली. जपानमध्ये चिंचेची लागवड नाही, कच्चा माल मुख्यतः भारतातून. त्यांनी त्याचे गुण एकेक करून बाजारात आणले. आंबट सॉसमध्ये पातळ होत नाही. खारट लोणच्यात टिकतो. गरम करा, थंड करा, गोठवून पुन्हा वितळवा, दाटपणा तसाच. आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे होऊ देत नाही. नूडल्स शिळ्या होऊन कडक होण्याचं प्रमाण कमी करतो.

१९९० च्या दशकात इटलीतल्या संशोधकांनी हाच पदार्थ डोळ्यांच्या थेंबात आणला. तो अश्रूंसारखा बुबुळावर टिकून राहतो म्हणून कोरड्या डोळ्यांना आराम देतो. १९९४ साली जपानी शास्त्रज्ञांनी टरफलात तेल खवट होण्यापासून रोखणारे पदार्थ असल्याचं दाखवलं. ज्या टरफलाने आजीचं पोट धरलं होतं त्याच्यातच हे.

आणि अलीकडे, २०१७ साली, अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने याची तपासणी करून, रोज किती खावं याची आकड्यात मर्यादा घालायची गरज नाही असा निर्वाळा दिला. खाद्य घटक म्हणून याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक ४३७. एखाद्या परदेशी सॉसच्या बाटलीवर हा आकडा दिसला तर समजा, आपलाच चिंचोका आहे.

मग आपल्या ढिगाचं काय?

आता हिशेब. पुस्तकात दिलंय की अख्ख्या चिंचेत साधारण ५५ टक्के गर, ३४ टक्के चिंचोके आणि ११ टक्के टरफल-शिरे असतात. मी या वेळी ४० किलोचं एक पोतं वेगळं काढून फोडलं. गर भरला २१ किलो, चिंचोका १४ किलो, बाकी ५ किलो टरफलं. पुस्तक आणि काटा जवळजवळ जुळले.

म्हणजे एक क्विंटल अख्ख्या चिंचेत ३४-३५ किलो चिंचोका. त्याचं टरफल काढलं की ७० टक्क्यांच्या आसपास पांढरी डाळ राहते, म्हणजे सुमारे २४ किलो. त्या डाळीत ६५ टक्क्यांच्या वर झायलोग्लुकॅन, म्हणजे १५-१६ किलो. घोष आणि कृष्ण यांचा आकडा याहून कमी होता, पण तो त्या वेळच्या काढण्याच्या पद्धतीचा. ज्या वजनाला गेल्या साली 'घट' म्हणून कापलं, त्यात हे सगळं होतं.

पण मंडळी, इथे हुरळून जाऊ नका. मीही दोन दिवस हुरळलो होतो. मुलगा म्हणाला, "आपणच पावडर करू." सरांनी जमिनीवर आणलं. चिंचोका सुमारे १५० अंशावर भाजून टरफल सोडवावं लागतं. कमी भाजला तर टरफल निघत नाही, जास्त भाजला तर डाळ लाल होते आणि चिकटपणा घटतो. गिरण्यांना चालणारी साधी पावडर ही पहिली पायरी. तेल काढलेली पावडर दुसरी. आणि प्रथिनं, तेल, रंग सगळं काढून शुद्ध केलेला खाद्य डिंक ही शेवटची पायरी, तिला कारखाना आणि प्रयोगशाळा लागते. दर पायरीला भाव चढतो आणि दर पायरी बांधापासून लांब जाते. चुलीवर कढईत भाजून जपानला माल जात नाही.

मग आपल्या हातात काय आहे? माझ्या मते तीन गोष्टी.

एक, चिंच शक्य असेल तर फोडून विका, आणि चिंचोका वेगळा मोजा. अख्खी विकायची वेळ आली तर घट कशाची आणि किती, हे तोंडी नको, पट्टीवर लिहून मागा. आमच्याकडे फोडायला बायका किलोवर येतात, त्यामुळे मजुरी पदरची जाते हे खरं. म्हणून तर चिंचोक्याचे पैसे हिशेबात यायला हवेत. आमच्याकडे तरी या वेळी फोडणीच्या खर्चाला त्यांचा हातभार लागणार आहे.

दोन, माल स्वच्छ ठेवा. गर चिकटलेला, माती लागलेला, ओला चिंचोका बुरशी धरतो आणि डाळीचा रंग जातो. फोडला की त्याच दिवशी ताडपत्रीवर पसरा, कडक वाळवा, चाळा. दाणा दाण्यावर आपटला की खणखणीत आवाज आला पाहिजे.

तीन, कीड. चिंचोक्यात शिरणारा एक भुंगेरा आहे, तो झाडावरच्या शेंगेपासूनच सुरुवात करतो. भोक पडलेला चिंचोका आतून पोकळ असतो. पाण्यात टाकला तर बहुतेक वेळा तरंगतो. विकायच्या आधी मूठभर टाकून बघा, आणि जास्त तरंगले तर माल साठवत बसू नका.

चौथी गोष्ट एकट्याची नाही. दहा-वीस गावांचा चिंचोका एकत्र झाला, तर टरफल काढून डाळ विकण्यापर्यंतची पायरी एखाद्या शेतकरी कंपनीला झेपण्यासारखी आहे. बार्शी, नगर, लातूरच्या बाजारात दर साली चिंच येतेच. ज्यांच्याकडे अशी कंपनी आहे त्यांनी यावर विचार करावा.

वादाचा शेवट

घरातल्या वादाचं सांगायचं राहिलं. वडिलांचं म्हणणं होतं की चिंचोके नेहमीसारखे मेंढपाळाला देऊन टाक, तो दोन दिवस मेंढरं बसवतो, शेताला लेंडीखत मिळतं. हे म्हणणं काही चुकीचं नाही. खतालाही किंमत आहे, आणि तो मेंढपाळ आमच्याकडे वर्षानुवर्षं येतोय. मी हे सगळं त्यांना वाचून दाखवलं. घोंगडीपर्यंत ऐकलं, जपान आल्यावर उठून गेले.

संध्याकाळी स्वतःच म्हणाले, "किती भरतील?" म्हणलं, "दोन क्विंटलच्या आसपास." मग म्हणाले, "दोन पोती त्याला ठेव. बाकीचे मोजून दे. आणि मोजताना मी काट्यापाशी उभा राहतो."

तसंच ठरलं आहे. भाव काय लागतो ते पुढच्या नोंदीत लिहीन, कमी लागला तरी लिहीन.

लहानपणी जत्रेत जास्त पैसे मागितले की आई म्हणायची, "पैसे काय चिंचोके आहेत?" चिंचोका म्हणजे फुकटचा, असा तो हिशेब. गेली ऐंशी वर्षं तरी तो हिशेब खरा नव्हता. आपल्याला कोणी सांगितलं नाही, आणि आपणही विचारलं नाही.

तुमच्याकडे चिंचोका मोजून घेतात का घटीत जातो? गाव आणि बाजार लिहून कळवा. घोंगडीच्या खळीची रीत ज्यांच्या घरात अजून आहे, त्यांनी तर जरूर लिहा.